डस्टर एडब्ल्यूडीचे पार्ट आणि ॲक्सेसरीज घेताना: नव्या मालकांसाठी

काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "डस्टर ना? पंच्याऐंशी का एकशेदहा?" म्हणजे इंजिनची ताकद, पीएसमध्ये. तुम्ही म्हणता एकशेदहा. तो आत जातो, खोका आणतो, तुम्ही पैसे देता. एडब्ल्यूडी (ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी) हा शब्द ना त्याने उच्चारलेला असतो, ना तुम्ही. मग गाडी लिफ्टवर चढते, मागचा शॉकॲब्सॉर्बर बसता बसत नाही आणि फोनाफोनी सुरू होते. दुकानदार म्हणतो, तुम्ही सांगितलंच नाही. मिस्त्री म्हणतो, मला काय माहीत. उघडलेली गाडी रात्रभर लिफ्टवर अडकते ती तुमची.

सेकंडहँड बाजारात रेनो डस्टर एडब्ल्यूडी घेणारे बरेच जण अजून भेटतात. कोल्हापूरकडून करूळ, भुईबावडा किंवा आंबोली उतरून कोकणात जाणाऱ्यांना ती आवडते, कारण घरातली पाच माणसं, सामान आणि चिखल हे तिन्ही ती निमूट झेलते. भारतात ती २०१४ च्या उत्तरार्धात आली. एप्रिल २०२० ला बीएस६ नियम लागू झाल्यावर डिझेल इंजिन बंद झालं आणि त्याबरोबर एडब्ल्यूडीही गेली. पेट्रोल डस्टर पुढे २०२२ पर्यंत चालली, पण टू-व्हील ड्राइव्हमध्येच. म्हणजे आज रस्त्यावर दिसणाऱ्या डस्टरमध्ये एडब्ल्यूडी थोड्याच. दुकानदाराच्या डोक्यात 'डस्टर' म्हटलं की साधी, फक्त पुढच्या चाकांवर चालणारी डस्टर येते, त्याचा काही दोष नाही. आपण काय घेऊन आलोय हे आपणच सांगायचं असतं.

खालचं सगळं डस्टर धरून लिहिलंय. ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप, हायरायडर किंवा एक्सयूव्ही७०० एडब्ल्यूडी असेल तर मापं बदलतील, पद्धत हीच.

## १. आधी गाडीची कुंडली काढा

दुकानात जायच्या आधी एवढं जवळ ठेवा:

- आरसी किंवा विमा पॉलिसी. त्यावर सतरा अक्षरी चेसिस नंबर असतो. भारतात बनलेल्या रेनोचा तो 'एमईई' ने सुरू होतो. ॲपमधल्या आरसीवर कधीकधी मधले आकडे झाकलेले असतात, तेव्हा विम्याचा कागद कामाला येतो.
- मालकाचं मॅन्युअल. मागच्या मालकाने दिलं नसेल तर मागून घ्या, आणि गहाळच झालं असेल तर पीडीएफ शोधून मोबाइलमध्ये ठेवा.
- ड्रायव्हरच्या दाराजवळच्या हवेच्या स्टिकरचा फोटो.
- आधीच्या सर्व्हिसची बिलं, असतील तेवढी.
- टायरची खोली मोजायचा छोटा गेज. कुठल्याही टायरवाल्याकडे किंवा ऑनलाइन फुटकळ किमतीत मिळतो.
- निघालेल्या जुन्या पार्टचा फोटो, त्यावरचा नंबर वाचता येईल असा. ग्रीस पुसून, उजेडात, जवळून.

चेसिस नंबर दिला की कंपनीच्या डीलरचा पार्ट काउंटर त्यांच्या कॅटलॉगमध्ये तुमचीच गाडी उघडतो, 'डस्टर' नावाची कुठलीही गाडी नाही. तिथून मिळालेला पार्ट नंबर लिहून घ्या. पार्ट तिथूनच घ्यायला हवा असं नाही. पण हा नंबर हातात असल्याशिवाय बाहेरच्या दुकानात पाऊल टाकू नका.

रेनोचे नंबर वाचायला जमतात, ही एक गंमतच आहे. नव्या पद्धतीच्या नंबरात शेवटी 'आर' असतो आणि सुरुवातीचे आकडे पार्टचा प्रकार सांगतात. १५२ ने सुरू झाला तर ऑइल फिल्टर, १६५ एअर फिल्टर, १६४ डिझेल फिल्टर, २७२ एसीचा फिल्टर, ४१० पुढचे ब्रेक पॅड. जुने ७७ किंवा ८२ ने सुरू होणारे नंबर या पद्धतीत बसत नाहीत. तरीही खोक्यावर ४१० दिसलं आणि आत डिझेल फिल्टर निघाला, तर काहीतरी घोळ आहे हे लगेच कळतं. कंपनी मधूनमधून जुना नंबर रद्द करून नवा देते. दुकानदार "हाच आता त्याच्या जागी येतो" म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं लगेच समजू नका, डीलरकडे फोन करून जोडी पडताळा.

## २. कुठले पार्ट साध्या डस्टरचे चालतात, कुठले नाहीत

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साध्या डस्टरला मागे एकसंध बीम आहे. एडब्ल्यूडीला मागे मल्टिलिंक सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळ्या आर्मवर स्वतंत्र, कारण मधून डिफरन्शियल (ताकद दोन्ही चाकांत वाटणारा गिअरचा डबा) आणि दोन्ही बाजूंना ड्राइव्हशाफ्ट जातात. त्यामुळे मागचे शॉकॲब्सॉर्बर, स्प्रिंग, आर्म, बुश, हब, बेअरिंग यातलं काहीही साध्या डस्टरचं धरून चालू नका. डिझेलची टाकी आणि सायलेन्सरचा मागचा भागही वाट काढून बसवलेला आहे. स्टेपनी साध्या गाडीत खाली टांगलेली असते, एडब्ल्यूडीत ती डिकीच्या आत आली, आणि म्हणूनच डिकी ४७५ लिटरवरून ४१० वर आली. हे विक्रीच्या वेळी कुणी सांगत नाही. डिकीचा मॅट घ्यायला गेल्यावर कळतं.

गिअरबॉक्सही वेगळा. सहा गिअरचा, पहिला गिअर मुद्दाम छोटा ठेवलेला, आणि त्याला मागच्या चाकांकडे ताकद नेणारं ट्रान्सफर युनिट जोडलेलं. गिअरबॉक्सशी संबंधित काहीही, अगदी पुढचा ड्राइव्हशाफ्टसुद्धा, नंबर जुळवल्याशिवाय घेऊ नका.

बाकी इंजिन तेच, १.५ लिटरचं के९के डिझेल, ११० पीएसचं. त्याचे फिल्टर, बेल्ट, सेन्सर, तसंच बाहेरचा पत्रा, काचा, हेडलाइट, वायपर यांत एडब्ल्यूडीचा प्रश्न येत नाही. हेडलाइट आणि बंपर घेताना मात्र २०१६ च्या फेसलिफ्टच्या आधीची गाडी की नंतरची, ते सांगा.

"टेरानोचा बसतो" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. निसान टेरानो ही डस्टरची सख्खी बहीण, आणि इंजिनचे, पुढचे बरेच पार्ट खरोखर बसतात, कधीकधी स्वस्तही पडतात. पण टेरानो भारतात एडब्ल्यूडीत आलीच नाही. तेव्हा मागच्या चाकांच्या बाबतीत टेरानोचं नाव निघालं की तिथून उठा.

मागचे आर्म आणि बुश इथे मिळत नसतील तर एक आडवाट आहे. पहिल्या पिढीची फोर-व्हील ड्राइव्ह डस्टर युरोपात डेशिया नावाने भरपूर विकली गेली. इंग्लंडात २०१३ पासून विकल्या गेलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या डस्टर तर सुरुवातीला आपल्याच चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यातून गेल्या. तिकडे हे पार्ट आजही बाजारात आहेत. लंडनला भाचा-पुतण्या असेल तर त्याच्या बॅगेत दोन बुश सहज मावतात. आख्खा आर्म मागवाल तर कुरिअर आणि कस्टमचा हिशेब आधी करा.

## ३. टायर: इथे हात आखडता घेऊ नका

एडब्ल्यूडीच्या मालकाने एकच गोष्ट पाठ करायची असेल तर ती ही: चारही टायर एका मापाचे, एका कंपनीचे, एकाच पॅटर्नचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत.

का, ते आकड्यांत बघा. डस्टरचं माप २१५/६५ आर१६. नव्या टायरचा घेर साधारण २,१५५ मिमी. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिमी खोल धरा. झिजून ती ३ मिमी उरली, म्हणजे त्रिज्या ५ मिमीने घटली, घेर ३१ मिमीने. नवा टायर एका किलोमीटरला ४६४ फेरे घेतो, झिजलेला ४७१. सात फेऱ्यांचा फरक, प्रत्येक किलोमीटरला.

साध्या गाडीला याने काही होत नाही. एडब्ल्यूडीत मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी एक इलेक्ट्रोमॅग्नेटिक क्लच असतो. गाडीतल्या नॉबवर २डब्ल्यूडी (फक्त पुढची चाकं), ऑटो आणि लॉक (क्लच आवळलेलाच) असे तीन पर्याय असतात. 'ऑटो'त गाडी एरवी पुढच्या चाकांवर चालते आणि पुढची चाकं सरकायला लागली की कॉम्प्युटर हा क्लच आवळून मागे ताकद पाठवतो. चाकं सरकतायत हे त्याला कळतं ते चाकांच्या वेगातल्या फरकावरून. पुढे झिजलेले आणि मागे कोरे टायर टाकलेत तर सुक्या हायवेवरसुद्धा पुढची चाकं जास्त फिरतात, आणि क्लचच्या प्लेटा घासत राहतात, तापत राहतात. 'लॉक'मध्ये तर विचारूच नका. हा क्लच बदलायची वेळ आली, तर त्या खर्चात टायरचे सेट येतात.

यातून निघणाऱ्या व्यवहाराच्या गोष्टी:

पुढचे टायर लवकर झिजतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्या. टायरवाला "अजून गरज नाही" म्हणेल, त्याचं ऐकू नका.

एक टायर कापला गेला तर? बाकी तीन नवे असतील तर त्याच कंपनीचा, त्याच पॅटर्नचा एक घ्या. निम्म्याहून जास्त झिजलेले असतील तर चारही बदला आणि बरा असलेला एखादा स्टेपनीला ठेवा. मधल्या स्थितीत निर्णय अवघड असतो. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिली असेल तर ती पाळायची, नसेल तर मी पुढच्या-मागच्या खोलीत २ मिमीच्या वर फरक जाऊ देत नाही. घाटात पंक्चर झालं आणि वेगळा झिजलेला टायर लावावा लागला, तर नॉब २डब्ल्यूडीवर ठेवून घरी या.

स्टेपनी कुठल्या मापाची आहे ते आजच बघा. मागच्या मालकाने काय ठेवलंय सांगता येत नाही.

माप वाढवायच्या मोहात पडू नका. "ताई, २२५/७० टाका, गाडी रुबाबदार दिसते." दिसते खरी. पण व्यास पाच टक्क्यांहून जास्त वाढतो, स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ वर असेल, वळताना टायर आतल्या प्लास्टिकला घासेल आणि गिअरचं गणित बिघडेल ते वेगळंच.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायरांचे आकडे वाचल्याशिवाय बसवायला देऊ नका. दोन ताजे आणि दोन गोदामात पडलेले असा सेट खपवायची पद्धत फार जुनी आहे. आयएसआय चिन्ह बघा, आणि लोड इंडेक्स, म्हणजे मापानंतरचा वजन पेलण्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको.

अलॉय व्हील घेणाऱ्यांसाठी एक सापळा. डस्टरचं पीसीडी, म्हणजे बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, ५×११४.३ आहे आणि क्रेटाचंही तेच, त्यामुळे दुकानदार क्रेटाचं अलॉय लावून दाखवतो आणि ते बसतंही. पण मधल्या भोकाचं माप डस्टरला ६६.१ मिमी आणि क्रेटाला ६७.१. त्या एका मिलिमीटरच्या फटीत चाक हबवर न टेकता नुसत्या बोल्टांवर लटकतं आणि नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मधे योग्य मापाची हब रिंग हवी. शिवाय क्रेटाला नट असतात, डस्टरला बोल्ट. बोल्टाची लांबी आणि त्याच्या बसणीचा आकार रिमशी जुळला पाहिजे.

## ४. ओरिजिनल, कंपनीचा, लोकल: काउंटरची भाषा

'ओरिजिनल' म्हणजे रेनोच्या खोक्यातला. 'ओईएम' म्हणजे ज्या कंपनीने तो रेनोला पुरवला किंवा त्याच दर्जाचा बनवला, तिच्या स्वतःच्या खोक्यातला. बॉश, वॅलिओ, माले, शेफलरचे लुक आणि आयएनए, गेट्स, एसकेएफ ही त्यातली ओळखीची नावं. 'लोकल' म्हणजे ज्याची जबाबदारी कुणाचीच नाही. आणि 'डुप्लिकेट' म्हणजे वरच्यापैकी कुणाचा तरी खोटा खोका.

मी कुठे काय घेते ते सांगते. फिल्टर, क्लच, बेअरिंग, टायमिंग बेल्ट हे चांगल्या ओईएमचे घ्यायला हरकत नाही, बरेचदा तीच वस्तू कमी पैशांत मिळते. एबीएसचे व्हील स्पीड सेन्सर मात्र ओरिजिनलच. साध्या गाडीत स्वस्तातला सेन्सर बिघडला तर एबीएसचा दिवा लागतो. इथे त्याच सेन्सरच्या आकड्यांवर एडब्ल्यूडीही चालते, त्यामुळे एका सेन्सरपायी दोन-तीन दिवे एकदम लागतात आणि कुणीतरी तुम्हाला डिफरन्शियल गेलाय असं सांगून मोकळं होतं. सस्पेन्शनचे बुश लोकल घेऊ नका, कडक रबराचे असतात आणि एका पावसाळ्यात फुटतात. एसीचा फिल्टर कुठलाही घ्या, वेळेवर बदला म्हणजे झालं.

टायमिंग बेल्ट हा वेगळा विषय आहे. के९के ला चेन नाही, बेल्ट आहे, आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. सेकंडहँड गाडीत बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच समजा. नुसता बेल्ट घेऊ नका. टेन्शनरसकट किट आणि सोबत वॉटर पंप एकदमच घ्या, कारण पंपापर्यंत पोचायला पुन्हा तेवढीच मजुरी पडते. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, त्यातलं आधी येईल ते धरायचं.

खोटा खोका ओळखायचा कसा? छपाई पुसट असते, एमआरपीचं स्टिकर दुसऱ्या स्टिकरवर चिकटवलेलं असतं, खोक्यावरचा आणि पार्टवरचा नंबर जुळत नाही. खोका फोडून पार्टवर कोरलेला नंबर बघा. दुकानदाराला राग आला तर येऊ दे. क्यूआर किंवा होलोग्राम असेल तर स्कॅन करा. सगळ्यात मोठी खूण म्हणजे बिल. "बिल हवं असेल तर किंमत वेगळी" म्हणाला की उत्तर मिळालं.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत काश्मिरी गेट या बाजारांत सगळं मिळतं, म्हणजे खरंही आणि खोटंही. बुडमोसारख्या ऑनलाइन ठिकाणी पार्ट नंबर टाकून शोधता येतं, भाव पडताळायला ते उत्तम. 'डस्टरला बसतो' या यादीवर मात्र भरवसा नको, नंबरच टाका. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवर आणि टायरवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता. जुन्या साठ्यावरचा एमआरपी वाचून किंमत ठरत असेल तर तेवढं बोलून घ्या.

## ५. ऑइल: जे कुणाच्याच यादीत नसतं

इंजिन ऑइल सगळे बदलतात. मागच्या डिफरन्शियलमध्येही ऑइल असतं हे साध्या गाड्यांवर हात बसलेल्या गॅरेजच्या ध्यानातही येत नाही, त्यांच्या छापील जॉबकार्डावर ती ओळच नसते. हाताने लिहून घ्या: मागचा डिफरन्शियल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर युनिट. कोणतं कुठल्या ग्रेडचं, हे मॅन्युअल सांगतं. "गिअर ऑइल म्हणजे गिअर ऑइल" असं म्हणणाऱ्याला चावी देऊ नका.

ऑइल बदलताना भरायचा बोल्ट आधी उघडायला सांगा, काढायचा नंतर. वर्षानुवर्षं न उघडलेला भरायचा बोल्ट गंजून बसलेला असतो. ऑइल काढून टाकल्यावर तो उघडेना झाला, तर गाडी तिथेच उभी. आणि पावसात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर मागच्या डिफरन्शियलचं थोडं ऑइल काढून बघा. दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय, मग किलोमीटर मोजत बसू नका.

लिफ्टवर गाडी आहेच तर चारही ड्राइव्हशाफ्टचे रबर बूट हाताने दाबून बघा. बूट फाटला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसची फवारणी दिसते. बूट किट किरकोळ पैशांत येतं. ग्रीस निघून जाऊन आतला जॉइंट कटकट वाजायला लागला, की तो किरकोळ राहत नाही.

## ६. जुना पार्ट घ्यावा का?

प्रॉपेलर शाफ्ट (पुढून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा), मागचा डिफरन्शियल, त्याच्या तोंडाशी असलेल्या इलेक्ट्रोमॅग्नेटिक क्लचचं कपलिंग हे नवे परवडत नाहीत किंवा लवकर मिळत नाहीत, म्हणून लोक भंगारवाल्याकडे वळतात. घ्यायला हरकत नाही, पण पार्ट कुठल्या गाडीतून निघाला त्या गाडीची नोंद आणि बिल घ्या. चोरीच्या गाडीचा पार्ट निघाला तर पोलिसांना उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

डिफरन्शियल हाताने फिरवा, खरखर नको. ऑइलचा बोल्ट उघडून लोहाचा चुरा आहे का बघा, बारीक पूड चालते, तुकडे नाही. कपलिंगच्या वायरचा कप्लर कापलेला असेल तर घेऊ नका. अपघाताने मागून चेपलेल्या गाडीतला मागचा पार्ट कधीच नको. बुश दाबून बसवायचे असतील तर त्यासाठी चांगला प्रेस असलेला लेथवाला गाठा. आमच्याकडे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात असे कारागीर आहेत, तुमच्याही गावात असतील. हातोड्याने बुश ठोकणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

## ७. ॲक्सेसरीज

पुढचा लोखंडी बुलबार डोक्यातून काढून टाका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं, दंड होतो तो होतोच. त्याहून वाईट म्हणजे धडकेचा जोर बंपरने शोषायच्या ऐवजी थेट चेसिसवर जातो आणि एअरबॅगच्या वेळेचं गणित चुकतं.

काळी फिल्म हाही असाच. काचेतून पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. गडद फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे आणि घाटाच्या तोंडाशी उभा असलेला हवालदार तो विसरलेला नाही.

मॅट एडब्ल्यूडीचे म्हणूनच मागा, विशेषतः डिकीचा. ड्रायव्हरच्या बाजूला मॅटवर मॅट टाकू नका, क्लचखाली दुमडतो. खालची संरक्षक प्लेट घेताना ऑइलचा बोल्ट उघडायला त्यात भोक आहे ना ते बघा, नाहीतर दर सर्व्हिसला प्लेट उतरवायची मजुरी.

छतावरच्या कॅरिअरची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते आणि तिच्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. सगळ्या बॅगा वर आणि डिकी रिकामी असा प्रकार घाटातल्या वळणांवर जाणवतो.

दिव्यांच्या बाबतीत, ६०/५५ वॅटच्या होल्डरमध्ये १००/९० वॅटचा बल्ब टाकला तर होल्डर वितळतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी टाकला तर समोरच्याचे डोळे दिपतात, तुम्हाला फारसं जास्त दिसत नाही. फॉगलॅम्प लावायचेच तर कप्लरवाली रिले किट घ्या, मूळ वायर कापू देऊ नका. डॅशकॅमलाही फ्यूजमधूनच जोड द्या.

लडाख-स्पितीला निघालात तर बर्फाच्या साखळ्या तिथेच भाड्याने मिळतात, टायरचं माप सांगून घ्या. आणि गाडी बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढणारी क्रेन नको, फ्लॅटबेडच मागवा. विम्याच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करताना पहिल्या वाक्यात "एडब्ल्यूडी आहे" म्हणा.

इतर गाड्यांसाठी दोन शब्द. ग्रँड व्हिटारा ऑलग्रिपसारख्या स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीला साधी बॅटरी टाकू नका, मूळ बॅटरी ज्या प्रकारची आहे, ईएफबी की एजीएम, तशीच घ्या. सीटमध्ये साइड एअरबॅग असतील तर सीटकव्हरच्या बाजूला उसवणारी शिवण हवी. एक्सयूव्ही७०० ची पुढची काच बदललीत आणि तिला कॅमेरा असेल, तर कॅलिब्रेशन बिलात लिहिलेलं आहे का ते बघूनच गाडी ताब्यात घ्या.

## ८. बसवून झाल्यावर

जुना पार्ट परत मागा. नको असला तरी मागा, नंबर जुळवून मग भंगारात द्या. बिलावर पार्ट नंबर, जीएसटी आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या, नुसतं 'डस्टर रिअर शॉकअप' चालणार नाही.

मागच्या आर्म-बुशचं काम केलं असेल तर चारही चाकांचं अलाइनमेंट लागतं. मल्टिलिंकमुळे मागेही बघावं लागतं. "मागचं ॲडजस्ट होत नाही" हे साध्या डस्टरच्या बीमबद्दल खरं, तुमच्या गाडीबद्दल नाही. आकड्यांचा छापील कागद घ्या.

मग गाडी ओल्या मोकळ्या मैदानात न्या. २डब्ल्यूडी, ऑटो, लॉक असे तिन्ही फिरवून सरळ रेषेत हळू चालवा. डॅशबोर्डवर दिवा लागतोय का, मागून गुणगुण किंवा ठोका येतोय का ऐका. कोरड्या डांबरावर 'लॉक'मध्ये वळून बघायचा मोह टाळा. चाकं उघडली असतील तर शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने बोल्ट पुन्हा तपासून घ्या, नव्या अलॉयचे तर नक्कीच.